दोन्हीकडच्या शपथा

ता. ९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचण्याआधी बाबा आसपास आहेत का बघ. असले तर वर तुझ्या खोलीत जा, दार लाव आणि मग वाच. फोनच केला असता, पण तो बाबांच्या खुर्चीला चिकटून, आणि तुला हळू बोलता येत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

बातमी अशी, की मी बारावीची परीक्षा पुन्हा दिली, या वेळी विज्ञान घेऊन, आणि पास झालो. काठावर नाही, चांगला घसघशीत पास. सत्ताविसाव्या वर्षी! हॉलमध्ये शिरत होतो तर दारातल्या बाईंनी अडवलं आणि पालकांनी बाहेरच्या बाकावर बसावं असं सांगितलं. प्रवेशपत्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मग माझ्या विरळ होत चाललेल्या केसांकडे पाहिलं. आतला बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला टेकत होते. शेजारच्या मुलीने मला धीर दिला, की काका, घाबरू नका, पेपर सोपा असतो.

आता मेडिकलची प्रवेश परीक्षा देणार आहे. हसू नकोस. या कारखान्यात मी आलो तो कृत्रिम पायांचे नुसते आराखडे काढायला. पण पाय बसवून घ्यायला माणसं येतात, गुडघ्याखाली उरलेला भाग हातात धरून माप घ्यावं लागतं. हाड कुठे टोचतं, कातडी कुठे लाल होते, हे इतकी वर्षं बघतोय. असं का होतं हे आमच्या डॉक्टरांना विचारून विचारून शेवटी त्यांनाच माझा कंटाळा आला, तेव्हा पुस्तक आणलं. आणि ताई, मला ते कळायला लागलं. शाळेत जे डोक्यावरून जायचं ते समोर बसलेल्या माणसाच्या पायाला जोडलं की कळतं.

बाबांना यातलं अक्षरही सांगायचं नाही, माझी शपथ आहे. नववीत विज्ञानात अकरा मार्क पडले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रगतिपुस्तक मिटलं आणि म्हणाले, की विज्ञान हा तुझा प्रांत नाही, हात चांगला आहे तर चित्रकला घे. संपलं. आता त्यांना पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा आपटायचं, हे मला जमणार नाही. जमलं तर मीच येऊन सांगेन. आणि तेव्हा गादीखालचं प्रगतिपुस्तक काढून बाबांच्या हातात कुणी दिलं होतं? चुगलखोर कुठली! या वेळी तरी तोंड शिवून बस.

बाबा अजून पेशंटला हात लावायच्या आधी गरम पाण्यात हात बुडवतात का? की म्हातारपणी गार हातानेच घाबरवतात लोकांना?

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तो आवाज न करता कर.

तुझा
भोपळा


ता. १७ मार्च

चि. भोपळेराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बालवर्गात मुलं चित्रं रंगवत असताना वाचलं आणि तिथेच रडायला लागले. एका चिमुरडीने येऊन मला तिचा रुमाल दिला, तो आधीच ओला होता. असो. भोपळा हे नाव चाचणीत शून्य मिळवून तू स्वतः कमावलंस, म्हणून मी काही ते सोडणार नाही. डॉक्टर झालास तरी पाटीवर तेच लिहू.

बाबा बरे आहेत. अजून हात बुडवतात, अजून रुमालाने कोरडे करून स्वतःच्या गालाला लावून बघतात. फक्त हल्ली टीव्हीचा आवाज इतका चढवतात की बातम्या आम्हाला वरच्या मजल्यावर फुकट ऐकू येतात. दवाखान्यातही तेच. आतल्या माणसाचं पोट बिघडलंय हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं.

मी सांगू का रे त्यांना? नुसतं एवढंच, की तू परीक्षा देतोयस. त्या प्रगतिपुस्तकाचं म्हणशील तर मला वाटलं होतं ते बघून बाबा तुला रोज शिकवायला बसवतील. मी तुझ्या भल्यासाठीच नेऊन दिलं होतं. पण तू चुगलखोर म्हणालास ते लागलं बरं का मनाला. म्हणून आता तू हो म्हणेपर्यंत मी गप्प.

अभ्यास कर, जेवण टाळू नकोस, आणि आमच्यावरची माया परीक्षेच्या धावपळीत हरवू नकोस.

तुझी
ताई


ता. २ मे

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून मनातलं ओकायला तूच एक आहेस, म्हणून आज लांबलचक लिहिते, चष्मा घे.

बाबा दवाखाना बंद करतायत. जूनअखेर जागा मालकाला परत. मागच्या आठवड्यात एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. बाबांनी त्याच्या छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली. त्यांच्याच कानातल्या गुणगुणीशिवाय काही ऐकू येईना. त्यांनी बाईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. बाळ ठणठणीत निघालं, पण त्या संध्याकाळी बाबांनी बाहेर बसलेल्या सगळ्यांना परत पाठवलं. मला म्हणाले, की छातीत काय वाजतंय ते मी हल्ली ऐकत नाही, अंदाज करतो. आणि अंदाजावर औषध देणारा माणूस मला माझ्याच खुर्चीत बसलेला चालणार नाही.

नवी डॉक्टरीणबाई आली आहे गावात, हुशार आहे. तिने विचारलं होतं की दोघं मिळून चालवू, तुम्ही नुसते बसा, तपासायचं मी बघते. बाबा नाही म्हणाले. कुणासाठी राखायचं, म्हणाले. आणि धाकट्याला यातलं काही कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली. आपण डॉक्टर झालो नाही म्हणून बापाचा दवाखाना बंद पडला असं पोराला वाटेल, त्याला आयुष्यभर टोचणी नको, असं त्यांचं म्हणणं.

आणि मावशी, तो पोरगा तिकडे मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास करतोय! त्याचीही शपथ आहे, बाबांना सांगायचं नाही. बाबांना नुसतं कळलं असतं तरी त्यांनी जागा सोडली नसती, डॉक्टरीणबाईला हो म्हटलं असतं. त्याला कळलं असतं तर तो रात्रीची गाडी पकडून आला असता. मी दोघांच्या मधे उभी, दोन्हीकडची शपथ घेऊन. जेवताना बाबांकडे बघवत नाही.

तो पास होईलच असंही नाही गं. बाबांनी जागा ठेवली आणि तो नापास झाला तर? मग दोघंही मला विचारतील, की तुला कुणी सांगितलं होतं बोलायला. काय करू?

आशीर्वाद दे, आणि अक्कलही.

तुझी
भाची


ता. ८ मे

चि. सौ. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद हवे तेवढे घे. अक्कल मात्र वापरणार असशील तरच मागत जा.

अगं, मी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. माझं काम एवढंच, की या टोकाची तार त्या टोकाला जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा. मधे कुणी शपथ घालायला लागलं तर लोकांची बोलणी व्हायची कशी? तू दोघांना सांगून टाक. बापाला सांग, भावाला सांग, दोघांच्या शिव्या खा, चार दिवस तोंडं फुगतील, पाचव्या दिवशी सगळे चहाला बसतील.

भाऊजींचं मला नवल वाटतं. साधा खोकला घेऊन माणूस आला तर तीन दिवसांचं औषध देऊन पुन्हा दाखवायला ये म्हणणारा हा डॉक्टर. पोराच्या बाबतीत एकच प्रगतिपुस्तक बघितलं आणि रोगी हाताबाहेर गेला म्हणून मोकळा झाला. पुन्हा दाखवायला ये, असं त्याला म्हटलंच नाही कधी. हे मी तेव्हा तुझ्या आईला बोलले होते. ती म्हणाली, तू त्यात पडू नकोस. पडायला हवं होतं.

तू तरी पड. जोवर मी कान पकडायला जिवंत आहे तोवर माझ्यावर जीव ठेव.

मावशी


ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिळाली! जागा मिळाली, मेडिकलला! तुझ्या भोपळ्याला! पत्र हातात घेऊन मी कारखान्याच्या अंगणात तसाच उभा होतो. आमच्या मिस्त्रींनी आत जाऊन यंत्रं बंद केली आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. परवाच नवा पाय बसवून गेलेले एक आजोबा होते, ते सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

आता नीट ऐक. मी पाच जुलैला येतो. त्याआधी निघता येणार नाही, सहा जणांची मापं अर्धवट आहेत आणि ती दुसऱ्याच्या हाती देऊन पळणं बरं नाही. स्टेशनवरून घरी यायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं. बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसणार. माझी पाळी आली की आत जाऊन स्टुलावर बसणार. बाबा मान वर न करता विचारतील, काय होतंय म्हणून. तेव्हा ते पत्र त्यांच्या समोर ठेवणार. ताई, गेली दोन वर्षं अभ्यासाला कंटाळलो की मी डोळे मिटून हेच बघतोय. शिकून झालं की त्या टेबलाला दुसरी खुर्ची लावू असंही त्यांना सांगणार आहे.

तोवर तू गप्प. थोडेच दिवस राहिलेत. आता फोडलंस तर जन्मभर चुगलखोर म्हणून हाक मारीन.

सगळ्यांना लोभ, बाबांना मात्र अजून काही नाही.

भोपळा


ता. १८ जून

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

देवासमोर दिवा लावला. तुझ्यासाठी आणलेलं नवं पेन कपाटात ठेवलंय. खूप लिहायचंय पण आधी हे. तू आत्ता ये. पाच तारखेची वाट बघू नकोस. मापं मिस्त्रींना घेऊ दे. एका दिवसासाठी ये आणि परत जा, पण या महिन्यात ये. कारण विचारू नकोस, मला सांगता येत नाही. मोठ्या बहिणीचं एकदा ऐक.

नाहीतर मला बोलायला मोकळं कर. नुसतं हो एवढं कळव.

वाट बघते.

ताई


ता. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पोटात काही राहत नाही हे लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तुझं पत्र वाचून हसलो. अगं, इतकी गप्प राहिलीस, आता थोडक्यासाठी कशाला? बाबांची तब्येत ठीक आहे ना? काल मी मुद्दाम फोन केला होता, ते स्वतःच बोलले, खणखणीत. म्हणजे सगळं ठीक. पाच तारखेला भेटू. आणि उत्तर नाही असं आहे, मोकळं केलेलं नाही.

तुझ्या उतावळ्या लोभाचा
भोपळा


ता. ७ जुलै

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही गं. रोज सकाळी ठरवायचे, आज बोलायचं. बाबांना चहा द्यायला जायचे आणि तो शब्द आठवायचा, चुगलखोर. एकदा बोलून मी त्याचं एवढं मोठं नुकसान केलं होतं. दुसऱ्यांदा न बोलून केलं.

परवा तो ठरल्याप्रमाणे स्टेशनवरून सरळ तिकडे गेला. बाबांची पाटी काढलेली, भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा. आत एक माणूस फळ्या ठोकत होता, बुटांचं दुकान येतंय. हा बॅग घेऊन दारात उभा, तर त्याने विचारलं किती नंबरचा जोडा हवा. मग म्हणाला, डॉक्टरांकडे आला असाल तर ते आता बसत नाहीत, त्यांचे कान गेले.

घरी आला तेव्हा बाबा पेपर वाचत होते. याने दारातूनच सांगितलं, बाबा, मला मेडिकलला जागा मिळाली. बाबा हसले आणि विचारलं, गाडीला उशीर झाला का. त्याने परत सांगितलं. बाबा म्हणाले, हो हो, हातपाय धू. मावशी, इतकी वर्षं मनात जपलेलं वाक्य त्या पोराला शेवटी ओरडून सांगावं लागलं. समोर सायकल दुरुस्त करणाऱ्याने मान वर करून बघितलं. मग याने पत्रच हातात दिलं. बाबांनी पूर्ण वाचलं, वरची तारीख बघितली आणि माझ्याकडे वळले. तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग भावाने दवाखान्याबद्दल तेच विचारलं. मी पुन्हा मान हलवली. दोघांपैकी कुणीही मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर मला रडायला तरी आलं असतं.

काल सकाळी बाबा न सांगता बाहेर पडले. मागाहून कळलं, जागेच्या मालकाकडे गेले होते, परत मिळते का विचारायला. तिथून डॉक्टरीणबाईकडे. तिने हमरस्त्यावर दुसरी जागा घेतली आहे, करार झालाय. परत आले आणि उगाचच गरम पाणी काढायला सांगितलं. हात बुडवून बराच वेळ बसले. पेशंट कुणीच नव्हता.

तू कान पकडणार होतीस, कधी येतेस?

तुझी
भाची


ता. २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. राग होता, पण कुणावर ते ठरेना. आधी तुझ्यावर धरून बघितला, टिकला नाही. बाबांवर धरला, तोही नाही. मी तुला चुगलखोर म्हटलं नसतं तर तू बोलली असतीस. मी ते गमतीत म्हणत होतो गं. पत्रात ती गंमत तुझ्यापर्यंत पोचतेच आहे असं धरून चाललो होतो.

इथे वर्गातली पोरं मला आजोबा म्हणतात. अभ्यास जड जातो, रसायनशास्त्र अजून माझ्याकडे नववीतल्यासारखंच बघतं, पण मी मान खाली घालत नाही. मागच्या आठवड्यात शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा गेलो. गार हॉल, लांब टेबलं, एका टेबलावर एक म्हातारे गृहस्थ. मरणानंतर देह शिकणाऱ्यांना द्यावा असं ते लिहून गेले होते. सगळे हातमोजे चढवत होते आणि मी हात चोळत उभा. तळवे गरम झाले, गालाला लावून बघितले, मगच मोजे घातले. माझ्या ध्यानातच नव्हतं मी काय करतोय ते. पोरं हसली, की आजोबा, यांना आता गार हाताचं काय. आमच्या बाई हसल्या नाहीत. कुणाकडे शिकलात विचारलं. बाबांचं सांगितलं. कुठे असतो त्यांचा दवाखाना, म्हणाल्या. मी चढवलेले मोजे पुन्हा नीट करत बसलो.

मला त्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसायचं होतं, ताई. महिनाभर जरी मिळालं असतं. पुस्तकात नाही ते सगळं त्यांच्या बोटांत आहे, आणि आता ते कुणाला हात लावणार नाहीत. याचं वाईट वाटतं, फार वाटतं. फोनवर त्यांना माझं ऐकू येत नाही, ते नुसते हो हो म्हणतात, म्हणून मीही नुसतं बरं आहे म्हणतो.

हे पत्र लपवायला सांगत नाही. तुला वाटेल ते कर. आणि आमच्यावर रागवायचं राहिलं असेल तर तेही करून घे.

तुझा
भोपळा


ता. २ ऑक्टोबर

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईने तुझं पत्र मला वाचायला दिलं. बरं केलं. आजपासून या घरात कुणी कुणाला शपथ घालायची नाही, हा माझा हुकूम आहे. मावशी इथे आल्या आहेत, त्यांनी त्यावर मान डोलवली. अक्षर लागलं नाही तर औषधाच्या दुकानात दाखव, ते वाचून देतील.

हात गरम केलेस ते योग्य केलंस. हसणाऱ्यांना हसू दे. रोगी जिवंत आहे की नाही हे बघून हात गरम करायचे नसतात, हात सगळ्यांसाठी सारखाच असावा.

दवाखाना गेला याची हळहळ मला आहे, तुझ्याइतकीच. ती जाईल असं मी तुला सांगणार नाही. तू घरी आलास तेव्हा मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू जे बोललास ते निम्मं ऐकू आलं नाही. पण तू स्टुलाबद्दल लिहिलंस ते वाचलं. स्टूल अजून आहे. तपासायचं टेबल मी वृद्धाश्रमाला दिलं, माझी नळी डॉक्टरीणबाईला देऊन टाकली. स्टूल कुणी नेलं नाही, त्याचा एक पाय डुगडुगतो. पाय बसवण्याचं काम तुला येतं.

आता तब्येतीचं. जिना चढताना मला दम लागतो. डॉक्टरीणबाईने तपासलं आहे, औषध सुरू आहे, ताईला सगळं सांगितलं आहे, म्हणून तुलाही सांगतो. ती म्हणते छातीत ठोक्याबरोबर एक जास्तीचा आवाज आहे. असा आवाज मी जन्मभर दुसऱ्यांच्या छातीत ऐकला. स्वतःचा मला ऐकू येत नाही. तुझं शिकून पूर्ण होईपर्यंत मी असेनच याचा भरवसा देता येत नाही. औषधाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नाही, इथेही बोलणार नाही.

म्हणून सुट्टी लागली की घरी ये. तुझी नळी घेऊन ये. तुला अजून काही येत नसेल, काही बिघडत नाही. मी स्टुलावर बसेन, तू खुर्चीवर बस. काय ऐकू येतं ते कागदावर लिहून मला दाखव. त्याचा अर्थ काय ते मी सांगेन. पहिल्या दिवशी चुकशील. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचं.

पाणी मी गरम ठेवतो. आधी हात बुडव, मग मला हात लाव.

बाबा